रोमचं पोटापाणी

दहा लाख वस्तीच्या प्राचीन शहराला पाणी कुठून येत होतं, पावाचं पीठ कोण मळत होतं आणि दिव्यातलं तेल कुठल्या देशातून उतरत होतं, हे प्रश्न रोमला पहिल्यांदा जाणाऱ्याला पडत नाहीत. पडायला सवडच नसते. कलोसियम, फोरम, पँथिऑन, व्हॅटिकन, सिस्टाइन चॅपेल अशी यादी हातात असते आणि बस खाली उभी असते. आमचंही पहिल्या खेपेला तसंच झालं. त्या खेपेबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती ठिकाणं खरोखरच थोर आहेत आणि ती न पाहता रोमहून परतणं शहाणपणाचं नाही. पण ती सगळी ठिकाणं सम्राटांची, पोपांची आणि देवांची. शहर चालवणारी माणसं त्यांत दिसत नाहीत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, की या खेपेला रोमचं पोटापाणी पाहायचं.

सुरुवात पाण्यापासून केली, कारण माझ्या नवऱ्याची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालवा दिसला की तो आधी उतार बघतो आणि मग बाकीचं.

शहराच्या आग्नेयेला, मेट्रोच्या ‘अ’ मार्गावर ज्युलिओ अग्रिकोला नावाचं स्टेशन आहे. तिथून पायी थोडं गेलं की ‘पार्को देल्यी अक्वेदोत्ती’, म्हणजे जलवाहिन्यांचं उद्यान. तिकीट नाही. आजूबाजूच्या वसाहतींतले लोक कुत्री फिरवायला, पळायला, म्हाताऱ्या आईवडिलांना उन्हात बसवायला येतात. आणि त्यांच्या मधून, छत्रीसारख्या पाइन वृक्षांच्या रांगेपलीकडून, पंचवीस मीटरच्या वर उंचीच्या दगडी कमानी शहराकडे निघालेल्या असतात. फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ या चित्रपटात सुरुवातीला हेलिकॉप्टरला टांगलेला येशूचा पुतळा ज्यांच्यावरून जातो, त्या याच कमानी.

ही ‘अक्वा क्लाउदिया’. सम्राट कॅलिग्युलानं इ. स. ३८ मध्ये काम सुरू केलं आणि क्लॉडियसनं ५२ मध्ये पुरं केलं. लांबी सुमारे ६९ किलोमीटर. पुस्तकांत कमानींचेच फोटो असल्यामुळे आपली समजूत होते, की पाणी सगळा मार्ग असं हवेतून येत असेल. प्रत्यक्षात त्यातले जेमतेम १५ किलोमीटर जमिनीच्या वर होते. बाकी सगळा पाट डोंगरकडेनं, जमिनीच्या पोटातून आलेला. जमिनीखालचं काम स्वस्त पडतं, पाणी उन्हानं तापत नाही आणि शत्रूच्या हाती सहज लागत नाही. मग शेवटच्या टप्प्यातच हा कमानींचा खर्च कशाला? नवऱ्यानं मला हे मैदान दाखवून समजावलं. डोंगर संपून सपाटी लागली, की जमीन खाली जाते. पाणी मात्र खाली उतरू द्यायचं नाही, कारण पुढे शहरातल्या टेकड्यांवर ते चढवायला पंप नाहीत. “अगं, हेड एकदा गेलं की गेलं,” तो म्हणाला. “पाण्याची उंची म्हणजेच त्याची ताकद. ती टिकवायला या कमानी.” लेव्हल काढायला त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसनं आपल्या ग्रंथात वर्णन केलेलं ‘कोरोबातेस’ नावाचं वीस फुटी लाकडी मेज होतं. त्याला दोन्ही टोकांना ओळंबे आणि वरच्या फळीत पाणी भरायला एक खाच असे. ओळंबा वाऱ्यानं हलला, तर खाचेतलं पाणी पातळी सांगायचं.

कमानींची रांग जिथं तुटली आहे, तिथं थोडं थांबावं. तुटलेल्या टोकाला पाटाचा आडवा छेद उघडा पडला आहे आणि एकावर एक असे दोन पाट दिसतात. खालचा मोठ्या घडीव दगडांचा, तो क्लाउदिया. वरचा विटांचा आणि काँक्रीटचा, तो ‘अनियो नोव्हुस’. क्लाउदियाचं पाणी झऱ्यांचं, स्वच्छ. वरचं नदीतून उचललेलं, त्यामुळे पाऊस झाला की गढूळ. दोन्ही पाणी वेगवेगळं ठेवायची धडपड चाललेली आणि तरी गढूळ पाणी खालच्यात मिसळलं जायचं, अशी तेव्हाही ओरड होती. पाटाला आतून जो गिलावा आहे तो चुन्यात विटांचा चुरा घालून केलेला, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बांधकामातली सुरखीच. त्यावर पाण्यातल्या चुन्याचे थर चढत आणि ते टाकीनं फोडून काढायला माणसं आत उतरवावी लागत.

ही माणसं किती होती हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्याचं श्रेय सेक्स्तुस युलियुस फ्रोंतिनुस या अधिकाऱ्याला आहे. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्व्हानं त्याला पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. हा ब्रिटनचा माजी राज्यपाल, लढाया केलेला माणूस. पण नव्या खात्यात आल्यावर त्यानं आधी सगळे पाट स्वतः पाहिले, मोजमाप घेतलं आणि त्यावर एक पुस्तक लिहून ठेवलं. ते आजही उपलब्ध आहे. देखभालीला ७०० गुलाम होते, २४० सरकारी आणि ४६० सम्राटाचे, ही नोंद त्यातलीच. खात्याच्या दप्तरात जेवढं पाणी लिहिलेलं, त्याहून बरंच जास्त पाणी उगमाशी येतं आणि तरी शहरात पुरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं चोरीच्या वाटा शोधल्या. शेतकऱ्यांनी पाटाला भोकं पाडून मळ्यात पाणी घेतलेलं. शहरात पाणी मोजून द्यायला कांस्याची तोटी ठरलेल्या मापाची, शिक्का मारलेली हवी; तिथं बिनशिक्क्याची मोठी तोटी बसवलेली. पाण्याची मंजुरी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, की नव्या जागी नवं भोक, आणि जुनं भोक बुजवायचं सोडून खात्यातलीच माणसं त्याचं पाणी विकून खायची. रस्त्यांखालून चोरून टाकलेल्या शिशाच्या नळ्या उपटल्या, तेव्हा बरंच शिसं हाती लागलं, असंही तो लिहितो.

मी हे वाचून दाखवत होते आणि नवरा हसत होता. त्याच्या सेवेतली अर्धी भांडणं डोंगळ्यांची. कालव्यात रात्री पाइप टाकून पाणी ओढायचं, दिवसा काढून ठेवायचं. रोमन अधिकाऱ्याचा वैताग त्याला जितका कळला, तितका मला कळणं शक्य नव्हतं.

या पाटांच्या शेवटाची सुरुवात ५३७ साली झाली. रोमला वेढा घातलेल्या गॉथ सैन्यानं शहराबाहेर जलवाहिन्या फोडल्या. पुढच्या काळात काही दुरुस्त झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत. उंचावरच्या वस्त्या ओस पडल्या आणि लोक नदीच्या वळणात दाटीनं राहायला आले. पुढे १५८६ मध्ये पोप पाचव्या सिक्स्तुसनं ‘अक्वा फेलिचे’ ही नवी जलवाहिनी आणली, ती याच उद्यानातून जाते. तिच्यासाठी जुन्या कमानींचा दगड वापरला गेला. क्लाउदियाच्या रांगेत मधूनच मोठी खिंडारं दिसतात त्याचं एक कारण हेही आहे.

कमानी शहरात शिरतात ती जागा म्हणजे पोर्ता माज्जोरे. आज तिथं चहूबाजूंनी ट्राम आणि मोटारी वाहतात, पर्यटक फारसे थांबत नाहीत. रस्त्यावरून पाट न्यायचा म्हणून बांधलेली ही दोन कमानींची दगडी चौकट, पुढे तटबंदीत आली आणि शहराचा दरवाजा झाली. वर कोरलेल्या तीन लेखांत तीन सम्राट बोलतात. क्लॉडियस म्हणतो मी पाणी आणलं. व्हेस्पासियन म्हणतो ते नऊ वर्षं बंद पडलं होतं, मी दुरुस्त केलं. पुढे टायटस म्हणतो पुन्हा मोडलं होतं, मी पुन्हा केलं. बांधणाऱ्याच्या नावाचा लेख कुठंही असतो. दुरुस्ती करणाऱ्यांनाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत जागा मिळालेली इथं पाहिली आणि बरं वाटलं.

याच दरवाजाला खेटून एका बेकरीवाल्याची समाधी आहे. मार्कुस व्हेर्गिलियुस एउरिसाकेस त्याचं नाव. सरकारला पाव पुरवणारा कंत्राटदार, बहुधा गुलामगिरीतून सुटलेला. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यानं ही बांधली, तेव्हा तिच्या शेजारी क्लाउदिया आलीही नव्हती. दर्शनी बाजूला मोठमोठी गोल भोकं आहेत. पीठ मळायच्या यंत्रांची दगडी पिंपं आडवी टाकली तर तोंडं अशीच दिसतील, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. वरच्या पट्टीत पूर्ण कारखाना कोरला आहे. गाढवं जात्याभोवती फिरताहेत, चाळण चालली आहे, घोडा पीठ मळायचं यंत्र ओढतो आहे, मेजांभोवती माणसं गोळे वळताहेत, एक जण लांब दांड्याचं फावडं भट्टीत सारतो आहे आणि शेवटी मोठ्या काट्यावर पाव तोलून हिशेबनिसापुढे ठेवले जाताहेत. ऑगस्टसच्या काळात सुमारे दोन लाख नागरिकांना सरकारकडून फुकट धान्य मिळत होतं. त्या आकड्यामागचे हात कसे हलत होते, हे एवढ्या नेमकेपणानं दाखवणारं दुसरं शिल्प मला माहीत नाही.

एउरिसाकेसच्या बायकोचं नाव अतिस्तिया. तिच्यासाठी कोरलेल्या लेखात ती फार चांगली बायको होती आणि तिच्या देहाचे अवशेष पावाच्या टोपलीत ठेवले आहेत, असं सांगितलं आहे. पाव-टोपलीच्या आकाराचं अस्थिपात्र इथं मिळाल्याच्या नोंदी आहेत आणि १८३८ मध्ये समाधीला झाकून बसलेले नंतरचे बुरूज पाडले, तेव्हा शेजारी शेजारी उभ्या नवराबायकोचं उठावशिल्पही सापडलं. ते या दोघांचंच मानलं जातं. आयुष्यभर एका धंद्यात राबलेलं जोडपं मेल्यावरही धंद्याच्याच खुणांत राहिलं. आम्ही समाधीच्या कठड्यापाशी बराच वेळ उभे होतो.

पाणी झालं, पाव झाला, आता तेल. तेलाची गोष्ट तेस्ताच्चो नावाच्या वस्तीत आहे, नदीकाठी, शहराच्या दक्षिणेला. तिथं सुमारे पस्तीस मीटर उंचीची, एक किलोमीटर घेराची एक टेकडी आहे. वर गवत, झुडपं, एक क्रूस. दुरून पाहिली तर कुठल्याही गावची टेकडी वाटावी. पण तिच्यात माती फारशी नाहीच. ती पूर्णपणे फुटक्या रांजणांची आहे. खापरीवर खापरी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. किती रांजण असतील याचे अंदाज अडीच कोटींपासून पाच कोटींच्या पुढे जातात.

त्यातले बहुतेक दक्षिण स्पेनमधले, ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्यातून ऑलिव्हचं तेल भरून आलेले. काही उत्तर आफ्रिकेचे. एका स्पॅनिश रांजणात सुमारे ७० लिटर तेल बसे आणि रिकाम्या रांजणाचंच वजन तीस किलोच्या आसपास. जहाजं समुद्रातून येत, माल टायबर नदीतून वर चढे आणि इथल्या धक्क्यावर उतरे. तेल दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं, की रांजण निकामी. दारूचे रांजण पुन्हा वापरता येत किंवा फोडून बांधकामात घालता येत. तेलाचा रांजण मात्र तेल पितो, ते आत खवट होतं, आणि अशी तेलकट खापर चुन्यात धड धरत नाही. म्हणून त्यांना टाकायची ही ठरलेली जागा.

कचराकुंडी म्हणावी, तर हिची व्यवस्था पाहून थक्क व्हायला होतं. उत्खननातून असं दिसलं, की रांजण अखंड वर नेले जात आणि तिथं फोडले जात. कडेला खापऱ्यांनी भरलेल्या रांजणांच्या भिंती रचून पायऱ्यापायऱ्यांनी ढीग वर चढवला, म्हणून तो ढासळला नाही. खवट वास मारायला मधून मधून चुना टाकला. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत हे काम चालू होतं.

एरवी फाटकाला कुलूप असतं. आधी नाव नोंदवून, मार्गदर्शकाबरोबर वर जावं लागतं. पायाखाली खापऱ्या कुरकुरतात. उचलून न्यायची नाही, पण वाकून पाहायला कुणी अडवत नाही. जाड, फिकट पिवळट-करड्या मातीची खापर, आत बोटांनी ओढलेल्या चाकाच्या रेषा अजून ताज्या. कानावर, म्हणजे रांजणाच्या मुठीवर, कुंभारवाड्याचा ठसा. आणि पोटावर काळ्या शाईची अक्षरं. हाइनरिख ड्रेसेल नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८७२ पासून ही अक्षरं वाचायला घेतली. रिकाम्या रांजणाचं वजन, आतल्या तेलाचं वजन, माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव, कुठल्या ठाण्यावर तपासला, कुणी तोलला, आणि त्या वर्षीच्या कॉन्सुलांची नावं. बारदान, निव्वळ माल, हुंडेकरी, नाक्याची सही: आपल्या मार्केट यार्डातल्या पावतीवर असतं ते सगळं. कॉन्सुलांच्या नावांमुळे वर्ष नक्की ठरतं, म्हणून रोमन साम्राज्याच्या व्यापाराचा वर्षावार हिशेब लावायला हा ढीग दप्तरखान्यासारखा उपयोगी पडला. १९८९ पासून स्पॅनिश संशोधकांनी इथं पुन्हा खोदाई केली. त्यांच्या देशाचं तेल इथं आलं होतं, तेव्हा तो हिशेब त्यांनी लावावा हे योग्यच.

असे भूमध्य समुद्रावरचे रांजण आपल्याकडेही आले आहेत. नेवासा, तेर, जुन्नर आणि घारापुरी इथं त्यांच्या खापऱ्या मिळाल्या. मुख्यतः दारूच्या रांजणांच्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली, ती कोल्हापूरच्याच संग्रहालयात आहे. तेस्ताच्चोच्या माथ्यावर उभं राहिलं, की नेवाशाच्या त्या खापऱ्या किती मोठ्या वाहतुकीचं टोक होत्या, हे उमगतं.

टेकडी सच्छिद्र, त्यामुळे आतून गार हवा खेळते. पुढच्या शतकांत लोकांनी पायथ्याशी गुहा खोदून दारूची तळघरं केली आणि आज त्यांत खाणावळी आहेत. काहींच्या मागच्या भिंतीला काच लावली आहे, पलीकडे खापऱ्यांची रास. शेजारीच १८९० च्या सुमाराचा जुना कत्तलखाना; १९७५ मध्ये तो बंद झाला आणि आता तिथं कलादालनं आहेत. कसायांना मजुरीचा भाग म्हणून आतडी, शेपूट, काळीज असा उरलेला माल मिळायचा, त्यातून इथलं जेवण घडलं. टोमॅटोत शिजवलेली वजडी, वर पुदिना आणि मेंढीच्या दुधाचं खिसलेलं चीज. नवऱ्यानं दोनदा मागवली. मी मिरपूड आणि चीजचा पास्ता घेतला. दोन्ही जेवणं मजुरांची, आणि दोन्ही उत्तम.

तेस्ताच्चोहून पाच मिनिटांवर एक पिरॅमिड उभा आहे, खराखुरा, संगमरवरानं मढवलेला, छत्तीस मीटरच्या वर. गायुस केस्तियुस या अधिकाऱ्याची ही समाधी ३३० दिवसांत पुरी केली, असं तिच्यावरच लिहिलं आहे. तिचा काळ कसा ठरवला हे मला समाधीहून रंजक वाटलं. त्यानं कबरीत ठेवायला सांगितलेले भारी गालिचे उधळपट्टीविरोधी नियमामुळे ठेवता आले नाहीत, म्हणून वारसांनी ते विकून पुतळे उभारले; नियम इ. स. पूर्व १८ च्या सुमाराचा. वारसांत सेनापती अग्रिप्पाचं नाव आहे आणि तो मेला इ. स. पूर्व १२ मध्ये. बांधकाम या दोहोंच्या मधलं. मागे कॅथलिकेतरांची दफनभूमी आहे, तिथं कवी कीट्स व शेली आणि विचारवंत ग्राम्शी आहेत. कीट्सच्या दगडावर त्याचं नाव नाही.

तिथून दक्षिणेला ओस्तिएन्से रस्त्यानं चालत गेलं, की चेंत्राले मोंतेमार्तिनी. मला विचाराल तर दुसऱ्या खेपेला रोममध्ये एकच गोष्ट पाहायची झाली, तर ही. हे १९१२ मध्ये सुरू झालेलं महापालिकेचं वीजघर. नगरपालिकेनं स्वतः वीज काढावी, असा आग्रह धरणाऱ्या ज्योव्हान्नी मोंतेमार्तिनी या अर्थतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं. नदी शेजारी, म्हणून पाण्याची सोय. आणि जागा जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून इंधनावर कर नाही. १९६३ मध्ये ते बंद पडलं. १९९७ मध्ये कॅपिटोलिन संग्रहालयाची दुरुस्ती निघाली, तेव्हा तिथली शेकडो शिल्पं तात्पुरती इथं आणून ठेवली. लोकांना ती इथं इतकी आवडली, की २००५ मध्ये व्यवस्था कायमची झाली.

काळ्याभोर डिझेल इंजिनांसमोर पांढरी अथेना. बॉयलरच्या पोलादी भिंतीपुढे हनुवटीला हात लावून विचारात पडलेली पोलिम्निया. दोन हातांत दोन पूर्वजांची मस्तकं धरलेला एक रोमन गृहस्थ. संग्रहातली एक लहानशी वस्तू मला सगळ्यांत जवळची वाटली: क्रेपेरेया त्रिफाएना या तरुण मुलीच्या शवपेटीत मिळालेली हस्तिदंती बाहुली. १८८९ मध्ये न्यायालयाच्या इमारतीचा पाया खणताना ती पेटी सापडली, आत पाणी भरलेलं. बाहुलीचे कोपर, गुडघे वळतात. केसांची ठेवण दुसऱ्या शतकातल्या सम्राज्ञींसारखी. मुलगी लग्नाच्या वयाला आली की बाहुल्या देवीला वाहायची रीत होती. ही वाहायची राहून गेली.

नवरा मात्र पुतळे सोडून इंजिनांच्या पाट्या वाचत होता. ही डिझेल इंजिनं १९३३ मधली, लेन्यानोच्या फ्रांको तोसी कारखान्याची, प्रत्येकी साडेसात हजार अश्वशक्तीची. “एवढ्या ताकदीवर आमची अख्खी उपसा योजना चालली असती,” असं म्हणून त्यानं मला इंधनाची नळी, थंड पाण्याची नळी, जनित्राचा दांडा असं एकेक दाखवायला सुरुवात केली, आणि संग्रहालयाचा पहारेकरीच आमच्यापाशी येऊन, अर्ध्या इटालियनमध्ये अर्ध्या खुणांनी, खालच्या मजल्यावर राख पाडायच्या घसरगुंड्या आहेत त्याही बघून जा, असं सांगू लागला.